जुन्या कॉम्प्युटरचे घरघरणारे फॅन बदलले त्याची हकिकत

आमच्या घराच्या भिंतीला लागूनच टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे फार मोठा नाही, पत्र्याच्या शेडमध्ये दहाबारा माग, सोलापूरच्या पूर्व भागात असे गल्लोगल्ली आहेत. सकाळी माग सुरू झाले की दिवसभर खटाखट खटाखट, आमच्या घरात कुणाला हळू बोलायची सवयच नाही. त्यामुळं माझ्या कॉम्प्युटरचा आवाज वाढत चाललाय हे मला किती महिने कळलंच नसेल कुणास ठाऊक. कळलं ते नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, पूर्व भागातले माग बंद असतात, गल्ली एकदम शांत. रथ आमच्याकडं यायला वेळ होता म्हणून मी एक अर्धवट डिझाइन पुरं करायला बसलो, आणि पहिल्यांदा वाटलं फ्रीज बिघडला. उठून फ्रीजला कान लावून आलो. परत खुर्चीवर बसलो तर आवाज टेबलाखालनं येत होता. घर्रर्र, मधेच टक टक टक, परत घर्रर्र.

मी घरी बसून जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइन करतो, चादर आणि टॉवेलची. पूर्वी हे काम ग्राफ पेपरवर व्हायचं, एकेक चौकोन रंगवत, आता सॉफ्टवेअरवर होतं, पण विचार तोच, चौकोनांची उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. लग्नात आहेराला द्यायच्या टॉवेलवर नावं विणून घ्यायची पद्धत आपल्याकडं आहेच, ती नावं मी बसवतो. आता हे सॉफ्टवेअर आहे जुनं, विंडोज सेवनवर चालतं आणि त्याचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते उघडतच नाही ती किल्ली, मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टला लागतं. नवीन मशीनला तो पोर्ट नसतो. म्हणून ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं की अरे दुसरा घे की एक, त्यांना माझं हेच उत्तर होतं, की कॉम्प्युटर बदलायचा तर सॉफ्टवेअर बदलायचं, आणि नवीन सॉफ्टवेअरच्या पैशात माझं वर्षाचं घरभाडं निघतं. मशीन २०१२ सालचं आहे, इंटेलचा आय थ्री २१२०, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, लोखंडी कॅबिनेट. काम करायला आजही तक्रार नाही.

आमचे अण्णा ३४ वर्षं मागाचे जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. आयुष्यभर त्या खटाखटीत उभं राहिल्यामुळं त्यांचं ऐकू येणं फार कमी झालंय, डाव्या कानानं तर जवळपास नाहीच. पण त्यांना मशीन ऐकायची दुसरी पद्धत येते. त्या दिवशी मी टेबलाखाली वाकून बघत होतो तर ते खाटेवरनं म्हणाले, काय करलालास रे तिथं? मी मोठ्यांदा सांगितलं, आवाज येलालाय अण्णा, फॅन खराब झालाय वाटतं. ते उठून आले, कॅबिनेटवर तळहात ठेवला, दोन मिनिटं तसाच ठेवला. मग लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. त्याचं टोक कॅबिनेटला मागच्या बाजूला, जिथं फॅनचे स्क्रू असतात तिथं टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. हाडातनं त्यांना नीट कळतं. चारही स्क्रूंवर टेकवून बघितलं, मग बाजूच्या फॅनवर, मग वर सप्लायवर. म्हणाले, मागच्याचा बुश खाल्लाय. दुसरा एक आत आहे त्याचापण आवाज आहे, पण तो दमलाय नुसता, खाल्ला नाही.

तेव्हा मला वाटलं होतं हे अंदाजानं बोलतायत. पुढं उघडल्यावर शब्द न् शब्द खरा निघाला म्हणून इथं लिहितोय.

स्वस्तातल्या फॅनमध्ये बेअरिंग म्हणजे खरंच बुशच असतो, स्लीव्ह बेअरिंग म्हणतात त्याला. आत एक छोटी नळी, तेल मुरवलेली, आणि त्यात फॅनची काडी फिरते. तेल आहे तोवर आवाज नसतो. उष्णतेनं आणि धुळीनं तेल वाळतं, मग काडी नळीला घासते, नळीचं गोल भोक हळूहळू लांबट होतं, आणि फॅन फिरताना डुगडुगायला लागतो. महागाच्या फॅनमध्ये बॉल बेअरिंग असतात, किंवा फ्लुइड बेअरिंग, ज्यात काडीभोवती तेलाचा पातळ थर खाचांमधनं फिरत राहतो, ते जास्त टिकतं आणि आवाजही कमी करतं.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी मागचा फॅन काढला, मधला स्टिकर सोलला, आत रबरी झाकण होतं ते टाचणीनं उचललं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, हातानं फिरवून मुरू दिला. स्टिकर परत चिकटेना, तेल लागलं की गोंद धरत नाही, म्हणून कापून सेलोटेप लावली. आवाज गेला. मला एवढा आनंद झाला की आईला बोलावून दाखवलं. वीसेक दिवसांनी परत घर्रर्र. परत तेल. मग पंधरा दिवस. मग आठवडा. अण्णा म्हणाले, बुश खाल्ल्यावर तेलानं काय होणार, तेल भोक भरून काढतं का? मागाला पण तसंच असतं. एक सांगतो, गंज सोडवायला जो स्प्रे मिळतो तो यात मारू नका, तो पातळ असतो, आतलं उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा वाईट. मी एकदा मारून बघितलाय.

असं करत करत थंडी गेली. थंडीत काही अडचण आली नाही. मार्च लागला आणि आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे, दुपारी पत्र्याखालच्या खोलीत पंखा गरम हवाच फेकतो. एका लग्नाची ऑर्डर होती, टॉवेलवर दोन्ही घरांची नावं, मधे कलश, तीन तास बसून कलशाच्या कडा साफ करत होतो आणि मशीन फटकन बंद. लाइट गेली म्हणावं तर वरचा पंखा चालू. परत चालू केलं, दहा मिनिटांत परत बंद. सेव्ह केलेलं होतं ते दीड तासापूर्वीचं. त्या दुपारी मी खरंच रडकुंडीला आलो होतो, कारण संध्याकाळी फाइल द्यायची होती आणि माग दुसऱ्या दिवशी लावायचा होता. शेवटी कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला आणि रात्री अकरापर्यंत काम पुरं केलं. मशीन गरम झालं की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरी उष्णता वाढलीच तर जळू नये म्हणून स्वतः बंद पडतो. म्हणजे बंद पडणं हा त्याचा शहाणपणा होता, पण माझं दीड तासाचं काम गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी मशीन पूर्ण बंद करून, मागची वायर काढून, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरून, टेरेसवर नेलं आणि नीट उघडलं.

जे दिसलं ते सांगतो. प्रोसेसरवरचा फॅन चार क्लिपांनी ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पात्यांच्या ठोकळ्यावर, बसलेला असतो. तो फॅन उचलला तर खाली ॲल्युमिनियम दिसलंच नाही. त्या जागी गोल गादी होती. हो, गादीच, अर्धा बोट जाड, सुताच्या लवेची, दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली. चिमटीत धरून उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, भाकरीसारखी गोल, खालच्या बाजूला हीट सिंकच्या पात्यांच्या रेघा उमटलेल्या. उन्हात धरून बघितलं तर तिच्यात थर होते. खालचा करडा, मग थोडा मेंदी रंगाचा, मग मरून, वर परत पांढरा. शेजारच्यांनी ज्या ज्या वर्षी ज्या रंगाचं सूत लावलं ते सगळं माझ्या प्रोसेसरवर येऊन बसलेलं. मरून रंगाचे टॉवेल त्यांनी कधी काढले होते ते मला आठवतंय, त्याचं डिझाइन मीच केलं होतं.

हवा जायला जागाच नाही म्हटल्यावर प्रोसेसर तापणार, प्रोसेसर तापला की बोर्ड फॅनला जोरात फिरायला सांगणार, म्हणून तो बिचारा कायम मिनिटाला २६०० फेऱ्यांवर पळत होता. अण्णा म्हणाले होते दमलाय, ते हेच.

आता साफ करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्लोअर मारायचा असेल तर फॅनची पाती बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा. फॅन वाऱ्यानं भिंगरीसारखा फिरताना छान दिसतो पण त्याच्या वेगापेक्षा जास्त फिरून बेअरिंगची वाट लागते, आणि तो उलटा जनरेटरसारखा वीज पण तयार करतो. मी रंगकामाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर दोन्ही वापरलं, तोंडाला रुमाल बांधून, तरी संध्याकाळपर्यंत शिंकत होतो.

साफ करून परत लावून चालू केलं. प्रोसेसरच्या फॅनचा जोर एकदम कमी झाला. पण मागची घरघर तशीच. मग एकेक फॅनचा प्लग काढून बघितलं, म्हणजे मशीन बंद करायचं, एक प्लग काढायचा, चालू करून ऐकायचं, परत बंद. प्रोसेसरचा प्लग मात्र काढायचा नाही. मागचा काढला, घरघर गायब. बाजूच्या पत्र्यावरचा ८० मिलिमीटरचा काढला, टकटक गायब, तिथं वायर पात्याला लागत होती. प्रोसेसरचा फॅन हळू फिरताना किंचित डुगडुगत होता. म्हणजे मागचा नक्की बदलायचा, प्रोसेसरचा पण आत्ताच बदलून टाकू, कारण प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट तेरा वर्षांची होती, ती नवी करायला हीट सिंक काढावाच लागणार होता.

खरेदीला नवी पेठेत गेलो. पहिल्या दुकानात १२० मिलिमीटरचा लाल लाइटवाला फॅन दाखवला, १८० रुपये. पाती हातानं फिरवली तर लगेच थांबली आणि काडी बाजूला हलत होती. मी म्हटलं, काका, लाइट नको, बिनआवाजाचा द्या. ते म्हणाले, सगळे सारखेच असतात भाऊ, पंखा तो पंखा. मी घेतला नाही. सगळे सारखे नसतात. माझं आयुष्य आवाजात गेलंय, वडिलांचे कान त्यात गेलेत, त्यामुळं मला यात फरक पडतो.

शेवटी ऑनलाइन मागवलं. मागच्यासाठी आर्क्टिकचा पी १२, पीडब्ल्यूएम वाला, म्हणजे बोर्डाच्या सांगण्यावरून वेग बदलणारा, फ्लुइड बेअरिंग, २०० ते १८०० फेऱ्यांपर्यंत कमीजास्त होतो. नॉक्टुआचे ते तपकिरी फॅन सगळे चांगले म्हणतात पण त्यांची किंमत माझ्या बजेटबाहेर. प्रोसेसरसाठी ९२ मिलिमीटर फॅनचा छोटा टॉवर कूलर घेतला. इंटेलच्या मूळ कूलरचा नुसता फॅन वेगळा घेऊन बसवणं अवघड जातं, त्याची फ्रेम वेगळ्याच मापाची असते, म्हणून अख्खा कूलरच बदलायचा. जुन्या बोर्डाला नवीन कूलर बसेल का ही भीती होती, तर यात चांगली गोष्ट अशी की इंटेलचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटपैकी एलजीए ११५६ पासून ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० पर्यंत सगळ्या सॉकेटच्या भोकांचं अंतर एकच आहे, ७५ मिलिमीटर. १७०० सॉकेटला ते बदललं, ७८ झालं. त्यामुळं २०१२ च्या बोर्डालाही आजचे कूलर मिळतात. उंची मात्र मोजा. मी बोर्डापासून बाजूच्या पत्र्यापर्यंत पट्टी लावून मोजलं आणि पत्र्यावरची प्लास्टिकची नळी काढून टाकली, नाहीतर पत्रा बसला नसता. एक वाय केबल आणि पेस्टची छोटी ट्यूब. सगळं मिळून १,९४० रुपये.

वाय केबल का, तर माझ्या बोर्डावर चार पिनांचं सॉकेट एकच आहे, प्रोसेसरच्या फॅनचं. दुसरं तीन पिनांचं. तीन पिनांत दोन तारा विजेच्या, १२ व्होल्टच्या, आणि तिसरी फॅन किती फेऱ्या मारतोय ते बोर्डाला सांगते. चौथी तार असते तिच्यातनं बोर्ड फॅनला सांगतो की हळू फिर, जोरात फिर. चार पिनांचा फॅन तीन पिनांवर बसतो, चालतो पण, पण चौथी तार मोकळी राहते, आणि माझ्या बोर्डावर तो मग कायम पूर्ण वेगानं पळाला असता. म्हणून प्रोसेसरच्या सॉकेटमधनं वाय केबलनं दोन्ही फॅन काढले. केबलच्या एका तोंडाला चार तारा आणि दुसऱ्याला तीनच असतात, कारण फेऱ्यांचा आकडा एकाच फॅनचा जायला पाहिजे, चार तारांच्या तोंडाला प्रोसेसरचा फॅन लावायचा. बोर्डाचं सॉकेट साधारण एक अँपिअरपर्यंत देतं आणि असे छोटे फॅन त्याच्या पाव भागाइतकंसुद्धा खात नाहीत, दोन आरामात चालतात. फॅनच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेलं असतं, बेरीज करून बघायची.

पार्सल आलं त्याच्या पुढच्या सुट्टीला बसवायला घेतलं, माग बंद असतात तेव्हा लव कमी उडते म्हणून. आधी मशीन दहा मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे वाळलेली पेस्ट जरा मऊ होते. मग बंद करून सगळ्या वायरी काढल्या. जुन्या कूलरचे चार काळे खुंटे असतात, त्यांच्या डोक्यावर बाण असतो, बाणाच्या दिशेनं पाव वळसा फिरवून वर ओढायचं. कूलर सरळ उपटायचा नाही, डावीउजवीकडं हलकं वळवत सोडवायचा. पेस्ट खडूसारखी झाली होती. मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणलं होतं. पुसायला टॉवेल घेणार होतो पण टॉवेल लव सोडतो, म्हणून अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला, धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की एक तंतू सुटत नाही. प्रोसेसर आरशासारखा झाला, त्यावरची अक्षरं तेरा वर्षांनी वाचता आली.

नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, बरोबर मधोमध. जास्त घालून फायदा नाही, कूलर दाबला की ती आपोआप पसरते.

इथं माझी पहिली चूक झाली. नव्या कूलरलाही तसेच खुंटे होते, ते समोरासमोरचे कोपरे धरून दाबायचे, टक्क आवाज येईपर्यंत. तीन टक्क झाले, चौथ्याचा झाला असं मला वाटलं. चालू केलं आणि कोअर टेम्प या प्रोसेसरचं तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघतोय तर दोन मिनिटांत ८०, ८५, ८९. लगेच बंद केलं. बोर्ड कॅबिनेटमधनं बाहेर काढून मागून बघितलं तर तीन कोपऱ्यांत पांढऱ्या पाकळ्यांमधनं काळी पिन बाहेर आलेली आणि चौथ्यात पाकळ्या मिटलेल्याच. कूलर एका बाजूनं उचललेला राहिला होता, केसाएवढीच फट, पण तेवढ्यानं एवढा फरक. परत पुसून, परत डाळीएवढी पेस्ट, आणि यावेळी बोर्ड बाहेर असतानाच बसवला, मागून चारही पिना बोटानं चाचपून. माझं ऐका, बोर्ड बाहेर काढायचा कंटाळा करू नका.

दुसरी चूक मागच्या फॅनची. या फॅनवर दिशेचा बाण नव्हता, मी अंदाजानं बसवला. अण्णा बघत होते, म्हणाले वारा कुठं चाललाय बघितलास का. देवघरातनं एक उदबत्ती आणली, पेटवून कॅबिनेटच्या मागं धरली, तर धूर आत ओढला जात होता. म्हणजे मागून गरम हवा बाहेर जाण्याऐवजी भिंतीकडची धूळ आत येत होती. साधी खूण अशी, फॅनच्या ज्या बाजूला चार दांड्यांची फ्रेम आणि मधे स्टिकर असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या बाहेरच्या अंगाला पाहिजे. उलटा करून बसवला, उदबत्तीचा धूर सरळ मागं फेकला गेला. समोरच्या जाळीपाशी धरली तर आत जात होता. मग बाजूच्या पत्र्यावरच्या जुन्या फॅनच्या भोकाशी धरली तर तिथं धूर घुटमळत होता, म्हणून तो फॅन मी परत लावलाच नाही, भोक आतनं पुठ्ठ्यानं बंद केलं. समोरच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून लावला, लव तिथंच अडते.

फॅन आणि पत्रा यांच्यामधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे छोटे वॉशर कापून घातले, चारही स्क्रूला. फॅन कितीही चांगला असला तरी त्याची थरथर लोखंडी पत्र्यात गेली की पत्रा गुणगुणतो. ही आयडिया पण अण्णांचीच, माग बसवताना ते खाली रबर घालायचे.

चालू केलं तर स्क्रीनवर सीपीयू फॅन एरर. छातीत धस्स झालं. पण फॅन फिरत होता, डोळ्यानं दिसत होतं. झालं होतं असं की नवा फॅन थंड असताना पाचशेच्या आसपासच फेऱ्या मारतो आणि बोर्डाला वाटतं सहाशेच्या खाली म्हणजे फॅन मेला. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन ती खालची मर्यादा ३०० केली, फॅन प्रोफाइल स्टँडर्ड ठेवलं, एरर गेली. तिथंच बघितलं तर तारीख २०१२ ची दाखवत होतं, म्हणून बोर्डावरचा घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ चा सेल पण बदलून टाकला, कॅबिनेट उघडंच होतं.

आकडे सांगतो. आधी मशीन नुसतं चालू असताना ५९ अंश, मोठं डिझाइन उघडलं की ९० च्या वर. आता नुसतं असताना ४२, कामात ६१ ते ६४. हे एप्रिलमधल्या दुपारचे आकडे आहेत, खोलीतच ३७ होतं. खोलीच्या खाली प्रोसेसर कधी जाणार नाही, फॅन खोलीचीच हवा मारतो, त्यामुळं मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ झालं की हे आकडेपण चार-पाचानं वर जातील, त्यात घाबरायचं काही नाही.

पॉवर सप्लायचा फॅन राहिला. त्याचाही अगदी बारीक आवाज आहे असं अण्णांनी स्क्रूड्रायव्हर लावून सांगितलं होतं. तो मी स्वतः उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. आमच्या ओळखीचा एक जण टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो, त्याच्याकडं नेऊन दिला, त्यानं कपॅसिटर रिकामा करून फॅन बदलून दिला, त्याच मापाचा, १२० मिलिमीटर, दोन तारांचा, ३५० रुपये मजुरीसकट.

रात्री माग थांबल्यावर मी सगळं जोडून चालू केलं. खोलीत अण्णा खाटेवर पडले होते. आता हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू यायला लागली, फाइल सेव्ह केली की कुर्र कुर्र, ती एवढी वर्षं कधी कानावर आलीच नव्हती. मी अण्णांना हात करून बोलावलं. त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, काढला, परत ठेवला. मग म्हणाले, चालूच कर की. मी स्क्रीनकडं बोट दाखवलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, मागच्या चारही स्क्रूंवर एकेक करून टेकवला, कानामागं धरला, आणि चौथ्या स्क्रूपाशी थांबून म्हणाले, हा जरा ढिला आहे, आवळ.

खरंच ढिला होता.

त्याला आता दोन महिने झाले. दर सुट्टीला समोरची मच्छरदाणी काढून झटकतो, महिन्यातनं एकदा बाजू उघडून ब्रश फिरवतो. गेल्या वेळी जाळीवर आकाशी रंगाची लव होती, शेजारी नवीन लॉट लागलाय. माझ्या एका डिझाइनर मित्राचं ब्रँडेड मशीन आहे, त्याचापण फॅन घरघरतोय, त्याच्या फॅनला पाच पिनांचा वेगळाच प्लग आहे, बाजारातला साधा फॅन सरळ बसत नाही. येत्या सुट्टीला तो घेऊन येणार आहे, अण्णांनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या उशापाशीच ठेवलाय.